गाडी येईल तेव्हा येईल, तपासणी आजच करा!

'डिलिव्हरी' हा शब्द कानावर पडला की आम्हा डॉक्टर मंडळींना बाळंतपणच आठवते. अलीकडे मात्र घाटंजीच्या दवाखान्यातही हा शब्द वेगळ्याच अर्थाने ऐकू येऊ लागला आहे. बाकावर बसलेला एक जण विचारतो, 'मग, डिलिव्हरी कधी?' दुसरा उत्तर देतो, 'शोरूमवाले दोन महिने म्हणतात.' विषय असतो विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारीचा. बाळंतपणाची तारीख निदान आठवडा-दोन आठवड्यांच्या फरकाने सांगता येते. नव्यानेच बाजारात आलेल्या गाडीच्या बाबतीत तेवढीही खात्री कोणी देत नाही.

वाट पाहणे आपल्याला नवीन नाही. बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत, हे आजच्या आजोबांना चांगले आठवत असेल. आता काळ बदलला, तरी रांग संपलेली नाही. टाटांच्या टियागो या विजेवरील गाडीची नोंदणी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी दहा हजार लोकांनी नावे नोंदवली. गाड्या लोकांच्या हाती पडल्या त्या २०२३ साल उजाडल्यावर. पुण्याजवळच्या चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रांच्या दोन विजेच्या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाल्या. १४ फेब्रुवारी २०२५ या एकाच दिवशी तीस हजारांवर नोंदणी झाली. कंपनीने तेव्हा दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे सर्वांत महागडा प्रकार मार्चपासून, तर सर्वांत कमी किमतीचा प्रकार ऑगस्टपासून मिळणार होता. म्हणजे बेताने खर्च करणाऱ्याच्या वाट्याला सहा महिन्यांची प्रतीक्षा!

वाचक म्हणतील, आरोग्याच्या सदरात मोटारीचे काय काम? काम आहे. गाडी उशिरा आल्याने कोणाची प्रकृती बिघडत नाही. पण गाडीच्या नावावर घरातल्या माणसाची तपासणी पुढे ढकलली जाते, तेव्हा मात्र बिघडते. अशी उदाहरणे हल्ली मी वारंवार पाहतो.

मधुमेही आईला अंधुक दिसू लागलेले असते. यवतमाळला किंवा नागपूरला नेऊन डोळ्याचा पडदा तपासून आणा, असे मी चिठ्ठीवर लिहून देतो. मुलगा नम्रपणे म्हणतो, 'डॉक्टरसाहेब, गाडी बुक केली जी. एवढी गाडी येऊ द्या, मग मायले आरामात नागपूरले नेतो.' मुलाच्या प्रेमात खोट नाही. पण डोळ्याच्या पडद्याला शोरूमची तारीख कळत नाही.

आता या सहा महिन्यांचा वैद्यकीय हिशेब पाहा. साध्या क्षयरोगाचा संपूर्ण औषधोपचारच साधारण सहा महिन्यांचा असतो. म्हणजे जेवढे दिवस एकाने गाडीची वाट पाहिली, तेवढ्या दिवसांत दुसरा नियमित गोळ्या घेऊन बरा होऊ शकतो. उलट, खोकला अंगावर काढणारा माणूस तेवढ्याच काळात घरातल्या लेकरांनाही लागण देऊ शकतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. त्यासाठी चारचाकीची गरज नाही.

सगळेच आजार घाईचे असतात असे मी म्हणणार नाही. मोतीबिंदू काही आठवडे थांबू शकतो. तो 'पिकेपर्यंत' थांबावे ही मात्र जुनी समजूत झाली. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करून घ्यावी, हेच आता योग्य मानतात. काचबिंदू थांबत नाही. त्यात गेलेली नजर परत येत नाही. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर झालेला परिणाम सुरुवातीला मुळीच जाणवत नाही. म्हणून मधुमेह्याने वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा आणि लघवीतील प्रथिने तपासलीच पाहिजेत. स्तनातील गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी समजू नये. ती लगेच दाखवावी. चालताना छातीत दाटून येणे, शौचावाटे रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, तोंडातली जखम तीन आठवड्यांत न भरणे, ही लक्षणे कोणत्याही गाडीसाठी थांबवू नयेत. आपल्या भागात खर्रा खाणारे किती आहेत हे सांगायला नको. त्यांनी यातले शेवटचे लक्षण विशेष ध्यानात ठेवावे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. 'म्हाताऱ्या माणसाचे गुडघे दुखतात, एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत, धक्के सोसत नाहीत. स्वतःची गाडी असली तर काय वाईट?' आक्षेप रास्त आहे. घाटंजीहून यवतमाळ सुमारे चाळीस किलोमीटर, नागपूर तर आणखी कितीतरी लांब. वृद्धांचे हाल होतात हे खरेच आहे. पण ज्या घरात लाखो रुपयांची गाडी नोंदवली जाते, त्या घराला एका दिवसाची भाड्याची गाडी परवडत नाही काय? आणि ज्यांना तीही परवडत नाही, त्यांच्यासाठी एसटीची सवलत आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट मिळते. सकाळच्या गाडीने पुढची जागा धरून बसवून नेले, तर पुष्कळ वृद्धांना तेही झेपते.

खरी अडचण पैशाची नसते, मनाची असते. नव्या गाडीभोवती आपण एवढी स्वप्ने गुंफतो की प्रत्येक काम तिच्याच हवाली करून मोकळे होतो. शिवाय माझ्या अनुभवाची एक गोष्ट सांगतो. गाडी दारात आली की पहिली फेरी कळंबच्या चिंतामणीला होते, दुसरी माहूरला रेणुकामातेकडे, तिसरी सासुरवाडीला. मग लग्नसराई येते. नव्याकोऱ्या गाडीतून प्रथम दवाखान्यात जाणे कोणालाच शुभ वाटत नाही. तेव्हा 'गाडी आली की नेतो' म्हणणाऱ्याने मनाशी प्रामाणिकपणे विचारावे, दवाखान्याची फेरी कितवी येणार आहे?

तातडीच्या प्रसंगी तर गाडी आलेली असली तरी तिच्या भरवशावर राहू नये. छातीत जोराची कळ, एकाएकी तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, साप चावणे, अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा. राज्यात २०१४ पासून ही रुग्णवाहिका सेवा मोफत मिळते, आणि तिच्यात प्राणवायूची सोय असते. मेंदूतील रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. विजेची गाडी त्याच रात्री चार्जिंगला लावलेली असली आणि लाइन गेलेली असली, तर काय करणार? छातीत दुखत असलेल्या माणसाने स्वतः गाडी चालवत दवाखान्यात येणे तर सर्वांत धोक्याचे. गरोदर स्त्रियांना बाळंतपणासाठी नेण्यास १०२ क्रमांकाची गाडी आहे. सातवा महिना लागताच तो क्रमांक घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

मग वाट पाहण्याच्या दिवसांत करावे तरी काय? करण्यासारखे पुष्कळ आहे. रोज उठून शोरूमला फोन लावल्याने गाडी लवकर येत नाही, मात्र झोप उडते आणि घरात चिडचिड वाढते. आठवड्यातून एक दिवस ठरवून चौकशी करावी. गाडी चार्ज करण्याची जागा जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावी. अर्थिंग नीट आहे काय, वेगळी वायर टाकली आहे काय, शॉक लागू नये म्हणून वीज आपोआप तोडणारे साधन बसवले आहे काय, हे पाहावे. साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीही लावू नये. पावसाळ्यात ओल्या भिंतीचा शॉक जीव घेतो. गाडी चालवणाऱ्याने डोळ्यांचा नंबर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. ही गाडी फारसा आवाज करत नाही, म्हणून रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांना आणि कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांना आधीच सावध करावे. आणि पायी चालण्याची सवय आताच पक्की करावी. आपले गाव एवढे मोठे नाही की बाजारातून भाजी आणायला मोटार लागावी.

विजेच्या गाडीतून धूर निघत नाही, ही चांगली गोष्ट आहे. ज्यांना परवडते त्यांनी ती जरूर घ्यावी. नाव नोंदवून गाडीसाठी थांबणे आपल्याला जमते. पण शरीरात वाढणारा आजार नंबर लावून थांबत नाही. घरात कोणाच्या नावाची चिठ्ठी गाडीच्या वाटेने कपाटात पडून असेल, तर ती आज संध्याकाळीच बाहेर काढा आणि उद्याची पहिली एसटी किती वाजता आहे ते विचारून ठेवा.