पवनेकांठचा रविवार

वैशाखांतील एका रविवारीं लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीनें आम्ही पवनमावळांत स्नेह्यांकडे गेलों. एका अंगास तुंग, दुसऱ्या अंगास तिकोना, मध्यें धरणाचें पाणी, आणि दिवसभर वाऱ्याखेरीज आवाज नाहीं. (पावसाळ्यांत रविवारीं भुशी धरणावर उसळणारी झुंबड ज्यांनीं पाहिली आहे, त्या वाचकांस हें खरें वाटावयाचें नाहीं!)

इंद्रायणीचा ऊन ऊन भात झाल्यावर यजमानांनीं कांठावर नेलें. पाणी ओसरून वाघेश्वराचें दगडी देऊळ वर आलें होतें. एरव्हीं तें बुडालेलेंच असतें. १९७२ सालीं पुऱ्या झालेल्या या धरणाखालीं त्यांच्या आजोबांचें शेत गेलें. “देव वर्षांतून एकदां भेटतो. शेत खोलांत आहे, तें भेटत नाहीं,” ते हसत म्हणाले. बदली जमिनीची वाट पाहण्यांत येथील कित्येक कुटुंबांच्या दोन पिढ्या सरल्या. आमच्या चिंचवडच्या नळास येतें तें हेंच पाणी. तें आम्ही बोललों नाहीं. त्यांना ठाऊकच होतें.

निघतांना वहिनींनीं द्रोणभर करवंदें हातीं दिलीं. “पाऊस लागला कीं या,” म्हणाल्या, “देऊळ पाण्यांत जाईल, पण भाताची लावणी दिसेल.”