अपंगाने घर कोठे शोधावे?

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी असलेल्या अलोऱ्याची ओळख कोयना प्रकल्पाने घडविली. कोळकेवाडी धरणाचे काम निघाले, माणसे लागणार होती, म्हणून राज्यसंस्थेने वसाहत उभारली. गरज मोजून घरे बांधता येतात, याचा हा रोकडा पुरावा. मात्र ती गरज धडधाकट नोकरदाराची होती. चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या आणि अंघोळीपासून अंथरुणापर्यंत दुसऱ्याचा हात लागणाऱ्या माणसाने याच परिसरात आज भाड्याचे घर शोधू म्हटले, तर त्याची गरज कोणाच्याच हिशेबात नसते.

कोकणातील घर जोत्यावर उभे असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो तेथे उंच जोते ही चैन नव्हे. परंतु त्या जोत्याला पायऱ्या आल्या, ओटीनंतर उंबरठा आला, माजघराचा दुसरा आला आणि संडास बहुधा मागील दारी गेला. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे रॅम्पचे मान धरले, तर अडीच फुटांच्या जोत्याला तीस फुटांचा रॅम्प लागतो. एवढे अंगण भाडेकरूसाठी कोण अडवू देईल?

मग चिपळूण उरते. रुग्णालय, औषधे, पगारी मदतनीस मिळण्याची थोडी शक्यता, सारे तेथेच. लिफ्ट नसलेल्या इमारतीत अशा माणसाला तळमजलाच घ्यावा लागतो. आणि २००५ व २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा प्रथम बुडाले ते तळमजलेच. शेजारी जिना चढून जीव वाचवितात, तोच जिना याला बंद असतो. उंचावर राहावे तर चढता येत नाही, खाली राहावे तर पाण्याची भीती. या पेचाला नशीब म्हणणे सोयीचे आहे, पण तो बांधकामाच्या नियमांनी आणि बाजाराने घातलेला पेच आहे.

कायदा नाही असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या ३७ व्या कलमाने घरवाटपाच्या शासकीय योजनांत ५ टक्के आरक्षण दिले. ('अपंग' शब्द गेला, 'दिव्यांग' आला, पायऱ्या होत्या तेथेच राहिल्या.) पण भाड्याच्या घराचे काय? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम बांधकाम करणाऱ्या भाडेकरूला घराबाहेर काढता येते. लाकडी आडभिंत, स्वयंपाकाचा ओटा, खिडकी, एवढेच नव्हे तर वातानुकूलन यंत्रही 'कायम बांधकामा'तून वगळले आहे. रॅम्पचे नाव त्या यादीत नाही. थंड हवेची गरज विधिमंडळाला सुचली, दारातून आत येण्याची सुचली नाही! अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही १९८८ च्या दुरुस्तीने अपंग भाडेकरूला स्वखर्चाने घरात आवश्यक फेरफार करण्याचा हक्क मिळाला. मालकाला तो अडविता येत नाही.

अर्थात निव्वळ हक्कानेही भागणार नाही. आज घरे बहुतेक अकरा महिन्यांच्या करारावर मिळतात. अकरा महिन्यांसाठी न्हाणीचे दार रुंद करणे, दांड्या बसविणे, रॅम्प घालणे हा खर्च कोण करील? संजय गांधी निराधार योजनेत अपंगांचे मासिक साहाय्य २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झाले. त्यात भाडे भागवावयाचे की मदतनिसाचे वेतन? पगारी मदतनीस परवडत नाही तेथे घरातील आई, बायको वा सून आपली मजुरी सोडून ते काम करते आणि तिच्या श्रमाची नोंद कोणत्याही हिशेबात होत नाही. २०१६ च्या कायद्यात अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे. तो घर शोधण्याच्या वेळीच हाती पडला पाहिजे, कारण मदतनिसाला झोपायला खोली हवी, आणि खोली वाढली की भाडे वाढते.

म्हणून मागणी नेमकी हवी. रॅम्प व आधाराच्या दांड्या 'कायम बांधकामा'तून वगळाव्यात. अपंग भाडेकरूशी किमान पाच वर्षांचा करार करणाऱ्या मालकाला फेरफाराचा खर्च सरकारने द्यावा. प्रकल्पांच्या वसाहतींत वापरायोग्य तळमजल्याची घरे रिकामी असतील, तर त्यांची यादी जाहीर करावी. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग अपंगांसाठी खर्चावयाचा असतो. अलोरे, पोफळी, शिरगावच्या ग्रामसभांत कार्यकर्त्यांनी त्या रकमेचा हिशेब मागावा आणि तिच्यातून गेल्या वर्षी किती दारांपुढे रॅम्प झाले, तेही विचारावे.