चार आर की चाळीस?

सातबाऱ्यावर क्षेत्र असते ०.०४.००. पहिला आकडा हेक्टरचा, दुसरा आरचा, तिसरा चौरस मीटरचा, हे तिथेच छापलेले असते. म्हणून शेतकरी ते बिनचूक चार आर असे वाचतो. हीच नोंद फायलीत चढवताना कुणी घाईत ०.४ असे टाकले, की पुढचा प्रोग्रॅम त्याला दशांश अपूर्णांक समजतो आणि चार आरांचे चाळीस आर होतात, जवळजवळ एक एकर. आकडा कशाचा, हे सोबत लिहिले असते तर हा घोळ झालाच नसता.

नोंदींची देवाणघेवाण आज बऱ्याचदा जेसन या लेखनपद्धतीत चालते. त्यात तारीख नावाचा प्रकारच नाही. ती नुसता मजकूर म्हणून जाते. मग ३/४ म्हणजे आपली ३ एप्रिल की अमेरिकेतली ४ मार्च, हे वाचणाऱ्याने ताडायचे. यामल या दुसऱ्या लेखनपद्धतीच्या १.१ आवृत्तीत नॉर्वेचे ‘एनओ’ हे लघुरूप अवतरणचिन्हांशिवाय लिहिले तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा लागतो. एक्सेल तर ‘मार्च१’ या जनुकाच्या नावाची तारीख करून टाकायचे. अखेर २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या समितीने माघार घेतली आणि ते ‘मार्चएफ१’ केले. यंत्राच्या अंदाजापायी शास्त्राने आपली नावे बदलावीत, हे आम्हाला मुळीच पटत नाही.

उपाय हाताशी आहे. केडीएल या लेखनपद्धतीत किमतीच्या आधी कंसात तिचा प्रकार लिहिता येतो: कंसात ‘आर’, पुढे ४. ॲमेझॉनच्या आयन या लेखनपद्धतीतही अशी खूण किमतीला जोडता येते. पावतीवर आपण ‘अक्षरी रुपये पाचशे मात्र’ लिहितो, ते याच काळजीने.

पण फायलीत खूण असून भागत नाही. ती प्रोग्रॅमच्या हाती पडते लायब्ररीमार्फत, म्हणजे फाईल वाचण्या-लिहिण्याच्या तयार कोडमार्फत, आणि खरी गळती तिथे आहे. केडीएलचे नियम लायब्ररीला ही खूण दुर्लक्षिण्याची मोकळीक देतात. वाचताना खुणेचा अर्थ लावला नाही, तर एकवेळ चालेल. प्रत्येक लायब्ररीला हेक्टर-आर कळावेत असा आग्रह कुणी धरणार नाही. पण ज्या लायब्ररीने खुणेसह ४ वाचले आणि फाईल परत लिहिताना नुसते ४ लिहिले, तिने दुसऱ्याची नोंद खराब केली. कुठे चूक दिसत नाही, इशारा येत नाही, आणि पुढच्या माणसाला इथे खूण होती याचा पत्ताही लागत नाही.

तेव्हा सरकारी असो वा खासगी, नोंदींच्या कामाला लायब्ररी निवडताना आधी एक फाईल तिच्यातून वाचून, काहीही न बदलता परत लिहून पाहावी. दोन्ही फायली शेजारी ठेवाव्यात. चारच्या मागचा ‘आर’ दुसरीत नसेल, तर ती लायब्ररी त्या कामाला घेऊ नये.