शितावरून भाताची परीक्षा?

मुलांनो, झुरळ दिसलं की किंचाळत खुर्चीवर चढणारं कुणीतरी घराघरांत असतंच. (नाव नका सांगू, बरं का!) ही भीती जन्मापासून असते, की आपण ती शिकतो? असल्या प्रश्नांचा शोध मानसशास्त्र घेतं. पण मन काही परीक्षानळीत घालून तापवता येत नाही. मग तपासायचं कसं?

अमेरिकेत बाल्टिमोर शहरातल्या जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की मनातलं दिसत नाही, वागणं मात्र दिसतं. तेव्हा वागण्याचाच अभ्यास करा. या विचाराला 'वर्तनवाद' म्हणतात. त्यांनी आणि रोझाली रेनर यांनी १९२० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला.

प्रयोगातल्या बाळाला त्यांनी अल्बर्ट म्हटलं. तो नऊ महिन्यांचा असताना त्याला पांढरा उंदीर, ससा, कुत्रा असे प्राणी दाखवले. पठ्ठ्या कशालाच घाबरला नाही! अकरा महिन्यांचा झाल्यावर मात्र वेगळंच सुरू झालं. उंदीर समोर आला, की अल्बर्टच्या पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा बसायचा. ठण्ण! असं सात वेळा झालं. मग नुसता उंदीर पाहूनही तो रडू लागला. पुढे ससा, कुत्रा, केसाळ कोट, सगळ्यांचीच धास्ती! दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तशातली गत.

म्हणजे भीती शिकवता येते, असं सिद्ध झालं का? थांबा. आता तुम्ही वकील व्हा आणि उलटतपासणी घ्या.

पहिला प्रश्न : मुलं किती? एकच! आजी शितावरून भाताची परीक्षा करते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजतो. मुलं थोडीच एका पातेल्यात शिजतात? त्यासाठी पुष्कळ मुलं हवीत. शिवाय तुलनेला, आवाज न ऐकवलेला दुसरा गटही हवा.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा : अल्बर्टचं काय? त्याची भीती न घालवताच त्याला जाऊ दिलं. तो जाणार, हे संशोधकांना महिनाभर आधी ठाऊक होतं!

भीती घालवता येते, हे मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली दाखवलं. पीटर नावाचा तीनेक वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा त्या लांब ठेवत आणि हळूहळू जवळ आणत. शेवटी पीटर सशाला स्वतःची बोटं कुरतडू देऊ लागला! हेही एकच मूल, पण इथे प्रयोगातून मुलाचं भलं झालं.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं १९५३ साली नीतिनियम छापले. आता अल्बर्टसारखा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही. आईवडिलांची संमती हवी, इजा होता कामा नये आणि 'मला नको' म्हटलं की थांबायचं.

या आठवड्याचा उपक्रम

गाणी लावून पाठांतर चांगलं होतं का? दहा मित्रांना विचारून, त्यांची तयारी असेल तरच बोलवा. चिठ्ठ्या टाकून पाच-पाचांचे दोन गट करा. आपापले दोस्त एका गटात घातलेत, तर निकाल खोटा! दोन्ही गटांना तेच वीस शब्द पाच मिनिटं पाठ करायला द्या. एका गटाला गाणी लावून, दुसऱ्याला शांततेत. मग आठवलेले शब्द मोजून प्रत्येक गटाची सरासरी काढा. फरक थोडाच असेल तर तो योगायोगही असू शकतो. आणखी मुलं घेऊन पुन्हा पाहा. कुणाला किती आठवलं, ते नाव घेऊन सांगायचं नाही. ज्याला मधेच उठायचंय त्यानं खुशाल उठावं.

आणि धाकट्या भावंडांवर 'ठण्ण' करून बघायचं नाही हं!

आईबाबांनो, ताटावर बसलेल्या पोराला बागुलबुवाची भीती घालण्याआधी तुम्हीही अल्बर्टला आठवा. आणि पीटरलाही.