डिपॉझिट कुणाच्या नावावर?

डिपॉझिट म्हणजे काय, हे पूर्ण्याच्या बाईला कुणी शिकवायला जाऊ नये. ठाण्याहून भिवंडीकडे निघालं, कशेळी, काल्हेर मागे टाकलं की दोन्ही अंगांना गोडाऊनं सुरू होतात, त्यातलंच हे पूर्णा. मुंबईची जकात चुकवावी म्हणून व्यापाऱ्यांनी या पट्ट्यात माल उतरवायला सुरुवात केली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गोडाऊनं मात्र राहिली आणि वाढली. जिथे भात व्हायचा तिथे पत्र्याच्या शेड उभ्या आहेत आणि घराघरात भाडं, अ‍ॅग्रीमेंट, डिपॉझिट हे शब्द मीठमिरचीसारखे वापरले जातात. इथल्या बायका बोलता बोलता सांगतील, पार्टी गाळा सोडून जाताना आधी शटर बघायचं, पत्रे बघायचे, लाइटच्या मीटरचं रीडिंग घ्यायचं आणि मगच डिपॉझिटचा चेक फाडायचा.

माझी मावसबहीण याच गावातली. गेल्या महिन्यात तिच्याकडे भिशी होती म्हणून मी मुद्दाम गेले होते. पोह्यांच्या बशा फिरत असताना तिने दुबईची गोष्ट काढली आणि डिपॉझिट कोळून प्यायलेल्या त्या सगळ्याजणी गप्प झाल्या.

ताईची नणंद दुबईला असते. ताई आणि भावोजी तिच्याकडे दहा दिवस गेले होते. तिथे गाडी भाड्याने घ्यायची आणि हत्ता, फुजैरा बघून यायचं असा बेत. भावोजींचा गुडघा दुखतो, म्हणून गाडी ताई चालवणार होती. अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमधून गेली पंधरा वर्षं गाडी काढणारी बाई, तिला दुबईच्या रस्त्याचं काय भय! आरटीओत जाऊन तिने आंतरराष्ट्रीय परवानाही काढून घेतला होता. (हा आपल्या मूळ लायसन्सवरच मिळतो आणि एक वर्ष चालतो. सोबत मूळ लायसन्स न्यायचं विसरू नका.) भाडंही इथूनच ऑनलाइन भरलं होतं. काउंटरवर गेल्यावर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड." भावोजींनी ऐटीत आपलं कार्ड पुढे केलं. मुलाने नाव वाचलं, लायसन्सवरचं नाव वाचलं आणि कार्ड परत दिलं. जो गाडी चालवणार, करार ज्याच्या नावावर, कार्डही त्याच्याच नावाचं लागतं. नवऱ्याचं चालत नाही.

ताईकडे स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्डच नव्हतं. बचत खात्याचं डेबिट कार्ड होतं. बऱ्याच कंपन्या डिपॉझिटसाठी डेबिट कार्ड घेतच नाहीत. या कंपनीने घेतलं. तिथेच उभं राहून बँकेच्या अ‍ॅपमधून परदेशी वापराचं बटण चालू करावं लागलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मार्च २०२० पासून नवीन कार्डं फक्त देशातल्या वापरासाठीच चालू होऊन येतात, पुढचं आपण चालू करायचं असतं. शेवटी मशीनमधून कार्ड गेलं आणि मोबाइलवर मेसेज आला. दीड हजार दिरहम, म्हणजे आपले पस्तीस हजारांच्या पुढे.

सहा दिवसांनी गाडी धुवून, टाकी भरून परत केली. कुठे ओरखडा नाही. मुलगा हसून "ऑल ओके" म्हणाला. ताई घरी आली आणि पाच तारखेला मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता परत गेला. खात्यात पैसेच पुरेसे नव्हते! ते दीड हजार दिरहम अजून अडकलेले होते. वर बँकेने दंड लावला. पैसे सुटले एकविसाव्या दिवशी, तेही टोलचे आणि पार्किंगच्या एका दंडाचे कापून.

"म्हणजे मधे त्यांनी वापरले का गं पैसे?" भिशीतल्या एका काकूंनी विचारलं.

नाही काकू, वापरले नाहीत. इथेच आपली गफलत होते. गोडाऊनचं डिपॉझिट आपल्या हातात येतं, आपण ते वापरतो, वर व्याजही देत नाही. कार्डावरचा 'होल्ड' तसा नसतो. गाडीची कंपनी आपल्या बँकेला फक्त एवढंच सांगते, की या गिऱ्हाइकाचे इतके पैसे बाजूला धरून ठेवा, लागले तर मी मागेन. बँक तेवढ्या रकमेवर हात ठेवते. ज्यांच्या घरात शेअरच्या नवीन इश्यूला अर्ज केला जातो त्यांना हे चटकन कळेल. अर्ज भरल्यावर पैसे खात्यातच असतात, पण काढता येत नाहीत. शेअर मिळाले तर कापले जातात, नाही तर मोकळे होतात. हे तसंच आहे. फरक इतकाच, की इथे मधे परदेशातली कंपनी, तिची बँक आणि आपली बँक असे तिघेजण असतात. कंपनीने आज सोडले म्हणून आपल्याकडे आज मोकळे होतील असं नसतं. काही दिवस जातात, कधी तीन-चार आठवडेही. दुबईत तर कंपनी मुद्दामच थांबते, कारण तिथला टोल रोख नसतो. गाडीवरच्या पट्टीवरून आपोआप नोंदला जातो. वेगाचे कॅमेरे आणि पार्किंगचे दंडही कंपनीला मागाहून कळतात. तोवर गिऱ्हाईक पूर्ण्याला पोचलेलं असतं, त्याला कुठे शोधायचं?

होल्ड क्रेडिट कार्डावर असेल तर आपल्या खिशातलं काहीच हलत नाही. कार्डाची मर्यादा तेवढी कमी होते आणि त्यावर व्याज लागत नाही. डेबिट कार्डावर मात्र आपलाच घरखर्चाचा पैसा अडकतो. मेसेजही पुष्कळदा 'खात्यातून गेले' असाच येतो आणि छातीत धस्स होतं. क्रेडिट कार्डाचंही गणित मात्र करून जावं. मर्यादा पन्नास हजार आणि होल्ड पस्तीस हजारांचा, तर हॉटेलच्या बिलाला उरले पंधरा. त्यात हॉटेलवालाही होल्ड टाकतो!

आता रक्कम एवढी मोठी का? गाडीला विमा असतो, भाड्यातच धरलेला. पण नुकसान झालं तर पहिला काही भाग गिऱ्हाइकाने सोसायचा असतो. त्या भागाला 'एक्सेस' म्हणतात आणि होल्डची रक्कम बहुतेक त्याच हिशोबाने ठरते. काउंटरवरची मुलं सांगतात, रोजचे इतके जास्त द्या, एक्सेस कमी करतो, डिपॉझिटही कमी होईल. ते खरं असतं, पण स्वस्त नसतं. दिवसांनी गुणून बघा आणि मग हो म्हणा. स्वस्त पडतो म्हणून हाच विमा दुसऱ्या एखाद्या कंपनीकडून घरबसल्या काढला, तर काउंटरवरचा होल्ड कमी होत नाही. त्यात आधी पैसे आपले कापले जातात आणि मग आपण विमा कंपनीकडे मागायचे असतात.

काही ठिकाणी होल्ड न टाकता पैसे सरळ कापून घेतात आणि नंतर परत करतात. त्यात आपण नकळत मार खातो. जाताना दिरहमचा भाव एक, येताना दुसरा. वर परदेशी व्यवहाराचे दोन ते साडेतीन टक्के बँक लावते आणि त्यावर जीएसटी. म्हणून सही करायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, "होल्ड की चार्ज?" मशीनवर 'रुपयात देणार की स्थानिक चलनात?' असं आलं तर स्थानिक चलन निवडा. रुपये ओळखीचे वाटतात, पण तो भाव त्यांचा असतो.

बाकीचं तर पूर्ण्याच्या बायकांना पाठच आहे. गाळा ताब्यात देताना जे करता तेच गाडी ताब्यात घेताना करायचं. चारी बाजूंनी व्हिडिओ काढायचा. चाकं, काच, पेट्रोलचा काटा, किलोमीटरचा आकडा सगळं त्यात यायला हवं. परत करतानाही तेच, आणि तोंडी 'ऑल ओके' वर न थांबता गाडी मिळाल्याचा कागद मागायचा. तिथल्या मुलाला आपण भांडखोर वाटलो तर वाटू दे. आपल्या गाळ्याची पार्टी अशी वागली तर आपण तिला हुशार म्हणतो की नाही? पैसे वेळेत सुटले नाहीत तर आधी कंपनीला ईमेल करा, मग तो कागद जोडून आपल्या बँकेत लेखी तक्रार द्या. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी १४४४८ हा फोन नंबर आहे.

हे सगळं सांगून झालं तरी माझ्या मनातून ते काउंटर जात नव्हतं. दुबईच्या कंपनीला मी नावं ठेवणार नाही. तिने जे केलं तेच आपण गोडाऊनच्या पार्टीबरोबर करतो. मला खुपलं ते दुसरंच. गाडी चालवायला ताई, परवाना ताईचा, हिशोब ताईचा, गोडाऊनच्या भाड्याच्या पावत्या लिहायलाही ताईच. आणि बँकेच्या लेखी पत असलेला माणूस फक्त भावोजी! त्यांनी अडवलं होतं असं मुळीच नाही. कुणाला गरजच वाटली नव्हती. 'घरात एक कार्ड आहे ना, मग दुसरं कशाला?' असं आपणच म्हणतो. नवऱ्याच्या कार्डावर बायकोच्या नावाचं जोडकार्ड मिळतं. गाडीच्या काउंटरवर ते बहुधा चालूनही जातं, कारण वर नाव आपलं असतं. पण मर्यादा दोघांत एकच, ओटीपी पुष्कळदा नवऱ्याच्या मोबाइलवर, आणि पैसे वेळेवर भरल्याची पत जमा होते ती मूळ कार्डधारकाच्या नावावर. आपण वीस वर्षं नीट हिशोब ठेवला तरी बँकेच्या पाटीवर आपली रेघ उमटत नाही.

पगाराची स्लिप नसलेल्या बाईला कार्ड मिळत नाही, हे मात्र खरं नाही. स्वतःच्या नावावर मुदत ठेव करायची आणि तिच्या तारणावर कार्ड मागायचं. बऱ्याच बँका देतात. ठेवीच्या रकमेचा ठरावीक भाग ही कार्डाची मर्यादा असते आणि ठेवीवर व्याज चालूच राहतं. कार्ड असेपर्यंत ठेव मोडता येत नाही. मात्र दर महिन्याचं बिल पूर्ण भरायचं. थकलं तर महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि शेवटी बँक ठेवीतून वसूल करते. ज्यांना हात आवरता येत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये, हे मी भिशीतही सांगितलं. दोघीतिघी एकमेकींकडे बघून हसल्या.

त्या दिवशी चिठ्ठी ताईचीच निघाली. पन्नास हजारांची भिशी. दर वेळी ती त्या पैशाचं सोनं करते. या वेळी दुसऱ्या दिवशी बँकेत गेली आणि साहेबांना म्हणाली, "डिपॉझिट करायचंय." साहेबांनी सवयीने विचारलं, "गोडाऊनच्या खात्यात का?"

"नाही, माझ्या एकटीच्या नावावर," ताई म्हणाली, "आणि त्यावर कार्डाचा फॉर्म पण द्या."