आधी धर्मकाटा, मग फोर बाय फोर

गेल्या जुलैतल्या एका रविवारी माझं स्वप्न गोंदियातल्या एका राइस मिलच्या धर्मकाट्यावर उभं होतं. मी काट्याच्या लाल आकड्यांकडे बघत होतो आणि काका माझ्याकडे.

स्वप्न म्हणजे एक सेकंड हँड फोर बाय फोर पिकअप, आणि मागे हौद्यावर मी स्वतः बांधलेली खोली. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, टपावर तंबू. सोमवार ते शुक्रवार लॅपटॉपसमोर बसणाऱ्या माणसाला असलं वेड का लागतं, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. रात्री दीड वाजता ऑस्ट्रेलियातल्या कुणाचा तरी ट्रक वाळवंटात उभा दिसतो, बाजूला शेकोटी, आणि आपण उद्याच्या स्टँड-अपमध्ये काय बोलायचं याचा विचार करत पडलेलो असतो. मग बचत मोडली जाते. माझी मोडली.

काट्यावर जायची वेळ मात्र चिखलाने आणली. रोवणीचे दिवस होते. आमच्या बांध्यांकडे जाणारा मुरमाचा रस्ता पुढे कच्चा होतो. मी ऐटीत लिव्हर ओढला, लो रेंज टाकली आणि वीस फुटांत थांबलो. पुढचं एक चाक फिरतंय, मागचं एक चाक फिरतंय, गाडी जागेवर. शेवटी रोवणी थांबवून शेजारच्यांचा ट्रॅक्टर आला. मजुरीच्या बाया धुऱ्यावर उभ्या राहून हसत होत्या, ते वेगळंच.

फोर बाय फोर असून हे कसं? उत्तर तसं सोपं आहे. साध्या डिफरन्शियलला ज्या चाकाला पकड नाही तेच चाक फिरवणं सोपं जातं. म्हणून चारही चाकांना ताकद जाते असं आपण म्हणतो, तरी प्रत्यक्षात प्रत्येक अ‍ॅक्सलवरचं एकेक चाक मोकळं फिरत बसतं. हे टाळायला डिफरन्शियल लॉक लागतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा दोन्ही अ‍ॅक्सलना तो घेऊनच येते. माझ्या गाडीत नाही. झालं, घरी येऊन मी लॉकर आणि मड टायरची किंमत शोधायला बसलो.

काका म्हणाले, "काहून बे, धानाची गाडी आम्ही आधी काट्यावर नेतो. तू घर बांधून बसला, वजन पाह्यलं का?"

पाहिलं नव्हतं. एक्सेल शीट होती ना! आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरल्या गाडीचं कमाल वजन. माझ्या गाडीत दोन्हींत १,००० किलोंचा फरक, आणि त्यात माणसंही आली. शीटप्रमाणे दोन माणसं, खोली, १०० लिटर पाणी, दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, विंच, कॅरिअर, तंबू, डिझेलचे कॅन, गॅस, अवजारं मिळून ९०० होत होते. काट्यावर आले १,१८०. कपडे आणि किराणा अजून भरायचाच होता.

घोळ कुठे झाला ते घरी बसून शोधलं. १२ मिमी प्लायचा ८ बाय ४ चा एक तक्ता साधारण २०-२५ किलो भरतो. "मजबूत करू" म्हणून आम्ही १८ मिमी लावला. असे ९ तक्ते. शिवाय जाडजूड लोखंडी अँगल, बिजागऱ्या, आणि "राहू दे, लागेल कधीतरी" या नावाखाली आलेलं बरंच काही. प्रोजेक्टमध्ये क्लायंटच्या असल्या मागण्यांना मी नाकं मुरडतो. इथे क्लायंट मीच होतो :)

म्हणून आता माझं ठाम मत असं झालंय की आपल्यासारख्या हौशी माणसाने अशी गाडी बांधावी जरूर, पण सुरुवात काट्यापासून करावी. फोर बाय फोर सगळ्यात शेवटी. जादा वजनाने चाक चिखलात रुततं, ब्रेक उशिरा लागतो, स्प्रिंगा बसतात, आणि टपावरचं वजन वळणावर गाडी कलंडायला मदत करतं. पन्नास हजारांचा लॉकर यातल्या एकाही गोष्टीवर उपाय नाही.

दुसरं, आपण नक्कल कुणाची करतोय? ज्यांच्या वाटेवर शेकडो किलोमीटर गाव नाही त्यांना घर पाठीवर घ्यावंच लागतं. आपल्याकडे लांब पल्ल्याचं नावाजलेलं उदाहरण म्हणजे हिमाचलातल्या तांडीच्या पंपावरचा बोर्ड, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. लिटरला ८ किलोमीटर धरले तरी ४६ लिटर डिझेल. कंपनीच्या टाकीत ते मावतं, जोडीला २० लिटरचा एक कॅन बास. आणि गोंदिया हा तर तलावांचा जिल्हा. साकोली ते देवरी हायवेवर चहा मिळतो, गावोगावी हातपंप आहे. तिथे मी १०० लिटर पाणी घेऊन कुणापासून पळत होतो?

तिसरा मुद्दा कायद्याचा, आणि तो टाळून चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. "आमच्याकडे सगळे करतात" हे अपघातानंतर विमा कंपनीला सांगून बघा. चासी कापणं, वेल्डिंग करणं माझ्या यादीतून कायमचं बाद. खोली बोल्टवर, चार माणसांनी उचलून खाली ठेवता येईल अशी. उचलता येते म्हणून ती आपोआप कायदेशीर ठरत नाही, त्यामुळे आरटीओला लेखी विचारूनच पुढचं काम. पण निदान रोलबॅक तरी शक्य आहे.

तर सध्या विंच उतरवला आहे. टाकी ४० लिटरची. दोन जड बॅटऱ्यांऐवजी एक १०० एएचची लिथियम, ११-१२ किलोंची. १८ मिमी प्लाय काढून काकांच्या गोदामात रचला आहे, त्यावर आता धानाची पोती बसतात. सगळं धरून ७०० च्या आत आणायचं आहे.

पुढच्या रविवारी पुन्हा काटा. काका येणार आहेत, त्यांना यात माझ्यापेक्षा जास्त मजा यायला लागली आहे. आकडा जमला तर पहिली रात्र नवेगावबांधला, डांबरी रस्त्याने. कच्च्या वाटेवर मात्र रोवणी संपेपर्यंत नाही. ट्रॅक्टरवाल्यांना तसा शब्द दिलाय.