ओढण्याची शक्ति आणि आवरण्याची शक्ति

सोयाबीनची काढणी आटोपली कीं कनेरगाव नाक्यावरून मालानें भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. एका अंगास हिंगोलीचा बाजार, दुसऱ्या अंगास पैनगंगेपलीकडे वाशीमचा. ट्रॅक्टरमागें फाळक्यांच्या वर पोत्यांचे दोन थर चढलेली ट्रॉली आणि त्या पोत्यांवर बसलेलीं माणसें, हें दृश्य इतकें नित्याचें झालें आहे कीं त्यांत कांहीं वावगें आहे असें कोणास वाटत नाहीं. कोणीं हटकलेंच, तर “ट्रॅक्टर ओढतो ना? मग झालें!” हें ठराविक उत्तर मिळतें. आमच्या मतें सारा घोटाळा या उत्तरांतच आहे.

ट्रॅक्टर ओढतो, यांत शंका नाहीं. खालच्या गिअरमध्यें ४५ अश्वशक्तीचें यंत्र आपल्या वजनाच्या कित्येक पट भार हलवितें. परंतु तो भार आवरण्याचें काम यंत्राच्या शक्तीवर अवलंबून नसून चाकांच्या पकडीवर आहे. अशा ट्रॅक्टरचें वजन सुमारें दोन टन. ६० क्विंटल माल व दीड टनाची चारचाकी ट्रॉली मिळून मागें साडेसात टन. आपल्याकडील बहुतेक ट्रॉल्यांस स्वतःचे ब्रेक नसतात आणि ट्रॅक्टरचे ब्रेक सामान्यतः मागच्या दोन चाकांवरच असतात. म्हणजे साडेनऊ टनांचा सारा डोलारा त्या दोन चाकांनीं थोपवावयाचा! मोकळा ट्रॅक्टर जेथें सहा मीटरांत थांबेल, तेथें हा, साध्या हिशेबानें, पंचवीस-तीस मीटर घेईल. वेग दुप्पट केला तर अंतर चौपट. त्यांत वीसास एक असा उतार लागला, तर पावणेपांचशें किलोंचा जोर मागून सतत ढकलीत राहतो. अशा वेळीं चालकानें ब्रेकवर एकदम पाय दिला कीं ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा फिरविते. डिझेल वाचविण्यासाठीं उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडणाऱ्यांस तर काय म्हणावें?

दुसरी गोष्ट भाराच्या मांडणीची. ती आपल्या वडीलधाऱ्यांस पुस्तकावांचून ठाऊक होती. बैलगाडी मागें जड झाली कीं उलाळ होते व जूं वर उचललें जातें. पुढें जड झाली कीं बैलांच्या मानेवर ओझें येतें. म्हणून माल चढविणारा माणूस धुरा उचलून पाही व मगच दोर आवळी. दोनचाकी ट्रॉलीचा न्याय अगदीं हाच आहे, मात्र लोखंडी मानेस दुखत नाहीं म्हणून कोणी विचारीत नाहीं. मागें भार अधिक झाला तर ट्रॉली रस्त्यावर झोंके घेऊं लागते. पुढें फार झाला तर ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें हलकीं होतात आणि सुकाणूं हातांत असून नसल्यासारखें होतें. तशांत ट्रॉली नेमल्या जागीं न जोडतां मागच्या आंसाहून उंच जोडली, तर चढावर ट्रॅक्टर घोड्याप्रमाणें उभा राहून चालकावर उलटतो.

अमेरिकेंत ‘अर्ध्या टनाची’ म्हणून ओळखली जाणारी पिकअप मोटार आहे. हें नांव तिच्या जुन्या वहनशक्तीवरून पडलें; आजच्या गाड्या त्याहून अधिक वाहतात. तिच्यामागें तीन-साडेतीन टनांचें चाकांवरील घर जोडून लोक प्रवासास निघतात. तेथेंही वाद हाच, कीं यंत्र ओढतें मग अडचण कोठें? जाणते सांगतात कीं मागच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग जोडावर आला पाहिजे. म्हणजे साडेतीन टनांस साडेतीनशें ते सव्वापांचशें किलो. तेवढ्यानें, माणसें व सामान बसण्यापूर्वींच, मोटारीची वहनशक्ति बरीचशी संपते. इतकें असूनही त्या घराच्या चाकांना स्वतंत्र ब्रेक असतात. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या पावणेचौपट भार मागें असतो, आणि ब्रेक नाहींत.

दोन खेपा केल्या तर डिझेल व दिवस दोन्ही जातात, आणि भाव उद्यां काय राहील याची शाश्वती नाहीं, हा शेतकऱ्याचा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. मात्र हिशेब पुरा मांडावा. क्लच, टायर व आंस यांची झीज त्यांत धरावी. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यांत जादा भारास २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनामागें २,००० रुपये दंड आहे, तोही धरावा. पोत्यांवर बसलेल्या मजुरांची किंमत कोणत्या रकान्यांत मांडावयाची, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

नवी ट्रॉली घेणारानें रंग व फाळक्यांची उंची पाहण्याआधीं ब्रेक असलेली मागावी. मोठा ट्रॅक्टर घेण्याहून हें स्वस्त पडतें. रस्त्यावर येतांना डाव्या-उजव्या ब्रेकचीं पायटीं एकत्र अडकवावींत. शेतांत तीं सुटीं असतात व तशींच राहून जातात. ज्यांची ट्रॉली जुनी आहे त्यांनीं निदान एक करावें. वजनकाट्यावर ती एकदां रिकामी व एकदां भरून तोलावी, आणि ट्रॉली बनविणारानें सांगितलेल्या मर्यादेपर्यंत माल कोठवर येतो तेथें फाळक्याच्या आंतून रंगाची रेघ ओढावी. सोयाबीनची रेघ मुरुमास चालणार नाहीं, कारण तितक्याच जागेंत मुरूम दुपटीहून जड भरतो. त्याची रेघ निराळी, पुष्कळ खालीं. याला खर्च काट्याच्या दोन-तीन पावत्या आणि रंगाचा एक लहान डबा इतकाच आहे.